कडी लागल्यावर

धायरी,
१२ मार्च २०२३

आदरणीय फणसळकर सर,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी विजयमाला पोकळे. महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि ‘आप्पासाहेब हाइट्स’ या सोळा घरांच्या इमारतीची चिटणीस आहे. आप्पासाहेब म्हणजे माझे सासरे. जमीन त्यांची होती. बिल्डरनं तिच्या बदल्यात चार फ्लॅट दिले आणि इमारतीला नाव दिलं. नावाला पाणीपट्टी लागत नाही म्हणून ते फुकट दिलं, असं आप्पा म्हणतात.

‘मुठाकाठ’ साप्ताहिकाच्या कचेरीत आपला फोन नंबर मागितला. ते म्हणाले, फणसळकर फोन उचलत नाहीत, पत्राला मात्र उत्तर देतात, आणि ते उत्तर वाचून लोक पुन्हा पत्र लिहीत नाहीत. तरी लिहिते आहे.

आमच्या इमारतीमागून ओढा जातो. आप्पांच्या लहानपणी त्यात बैलगाडी उतरायची. आता दोन्ही बाजूंनी भिंती आल्या आहेत आणि रस्त्याखालून तो एका नळातून जातो. त्या नळात मी उभी राहिले तर डोकं टेकतं. डोंगरावर एक दिवस जोराचा पाऊस झाला आणि नळाच्या तोंडाशी झाडं अडकली, तर पाणी कुठून जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मी आपत्ती व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. परत येऊन सूचना लावली आणि रविवारी कवायत ठेवली. तीन माणसं आली. एक माझे यजमान संपत. दुसरे टँकर कधी येणार विचारायला आले होते. तिसरे शिट्टी कोण वाजवतंय म्हणून भांडायला.

पण दर गुरुवारी ‘मुठाकाठ’ येतो तेव्हा वॉचमनपासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे तुमची भयकथा वाचतात. माझ्या वर्गातली मुलं फळ्यावरचं वाचत नाहीत आणि तुमचा खवीस पाठ म्हणून दाखवतात. म्हणून विनंती अशी की आपण एक झॉम्बींची कथा लिहावी. झॉम्बी आमच्या ओढ्यातून यावेत. आणि लोकांनी त्यांच्यापासून वाचायला जे जे करायचं, ते नेमकं पुरात करायचं तेच असावं.

आपली,
विजयमाला पोकळे


शनिवार पेठ,
२० मार्च

विजयमालाबाई,

पत्र मिळालं. कचेरीतल्या लोकांनी माझ्याबद्दल सांगितलेलं खरं आहे.

आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा एवढी घरची मंडळी बेकार बसलेली असताना परदेशातून झॉम्बी कशाला मागवायचे? त्यांना ना नाव, ना गाव, ना अपुरी राहिलेली इच्छा. भुताला निदान काही तरी हवं असतं. झॉम्बीला नुसतं माणूस हवं असतं, तेही चावायला. अशा पात्रावर मी पन्नास वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही.

दुसरं असं की मी उपदेशपर लिहीत नाही. मुलांनी दात घासावेत म्हणून राक्षसाची गोष्ट सांगणारे लेखक वेगळे. त्यांना पुरस्कार मिळतात.

तरी ओढ्याबद्दल लिहिलंत ते वाचलं. नळाचं तोंड कोणत्या बाजूला आहे? पाणी आलं तर आधी पार्किंगमध्ये शिरेल की जिन्यात? सहज विचारतो आहे.

श्रीनिवास फणसळकर


धायरी,
२ एप्रिल

आदरणीय सर,

आपण सहज विचारलंत, मी सहज नकाशा काढून पाठवते आहे. पाणी आधी पार्किंगमध्ये येईल. जिना त्याच्या मधोमध आहे.

भूत का नको ते सांगते. मागच्या वर्षी माझ्या वर्गात हडळीची अफवा उठली. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांच्या दंडात काळा दोरा होता आणि वर्गाच्या दाराला लिंबू-मिरची. म्हणजे घाबरल्यावर काय करायचं ते आपल्या लोकांना माहीत आहे, फक्त ते पुरात चालत नाही. भुताला अंगारा लागतो. झॉम्बीला अंगारा लावून उपयोग नाही, हे माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. त्याच्यापासून वाचायचं तर जिना लागतो, टॉर्च लागतो, पिण्याचं पाणी लागतं, म्हाताऱ्या माणसाला उचलायला कोणी लागतं. मला नेमकं तेच हवं आहे.

प्रत्येक घराच्या दाराशी एक पिशवी असावी. तीत कागदपत्रं, औषधं, चणे-गूळ. निघताना गॅस आणि मेन स्विच बंद. तीन शिट्ट्या झाल्या की सगळे गच्चीवर. गच्चीवर एका पेटीत दोरखंड आणि टॉर्च. कोणत्या म्हाताऱ्याला कोण आणणार ते आधीच ठरलेलं. आणि गच्चीची किल्ली दाराशेजारी खिळ्याला. ती सध्या माझ्या कपाटात असते, कारण गच्चीवर पापड कोणी वाळत घालायचे यावरून आमच्याकडे दोन वर्षं भांडण चालू आहे.

आप्पा म्हणतात, ओढा जागा विसरत नाही, माणूस विसरतो. तहान लागल्यावर विहीर खणणारी जात आपली. कृपा करून लिहा.

विजयमाला


शनिवार पेठ,
३० एप्रिल

विजयमालाबाई,

पापडांच्या भांडणामुळे लिहायला घेतलं. ज्या इमारतीत मेलेली माणसं जिन्यात आली तरी गच्चीची किल्ली कपाटात आहे, ती इमारत मला सोडवेना.

‘ओढ्यातून आलेले’ असं नाव ठेवलं आहे. मंडळी चिखलानं माखलेली असतात, चेहरा ओळखू येत नाही. त्यांना चढ चढता येतो, पण सावकाश. चार मजले चढायला सहा मिनिटं लागतात. म्हणजे तुमच्या लोकांनाही सहाच मिनिटं. पिशवी, शिट्टी, स्विच, दोर, सगळं घेतलं आहे. म्हाताऱ्याला उचलण्याच्या प्रसंगी मलाच जरा भरून आलं, हे कोणाला सांगू नका.

एक नियम माझ्या पदरचा घातला आहे. सगळे वर आले की गच्चीच्या दाराला कडी, आणि एकदा कडी लागली की ती पुन्हा काढायची नाही. बाहेरून कोणीही ठोठावो. कारण ते येतात ते ओळखीच्या माणसाच्या आवाजात.

पहिला भाग जूनमध्ये येईल.

श्री. फ.


धायरी,
१८ जून

आदरणीय सर,

तीन भाग आले आणि इमारतीत काय चाललं आहे ते तुम्ही येऊन पाहायला हवं. सोळापैकी चौदा घरांत दाराशी पिशवी आहे. तिसऱ्या मजल्यावरचे माझे चुलतदीर हिंदुराव, जे आजवर कोणत्या मीटिंगला आले नाहीत, त्यांनी स्वतः भिंतीत खिळा ठोकून किल्ली लावली. मुलं जिन्यात ‘कडी-कडी’ खेळतात. एकानं झॉम्बी व्हायचं आणि दार ठोठावून ओळखीच्या आवाजात बोलायचं. आतल्यांनी उघडलं की ते हरले.

त्याच नियमाबद्दल लिहायचं होतं. पुरात दार बंद करून घ्यायचं काही कारण नाही. पाणी कडीला विचारत नाही. पुढच्या भागांत तेवढा नियम सैल करता आला तर पाहावं.

आणखी एक, रागावू नका. आमच्या वाचनालयात तुमची जुनी पुस्तकं आहेत, ती मी सुट्टीत ओळीनं वाचली. तुमच्या कथांत मेलेलं माणूस आधी दार ठोठावतं. आणि जो कोणी दार उघडतो तो मरतो, एकही वाचत नाही. असं का?

विजयमाला


शनिवार पेठ,
२५ जून

विजयमालाबाई,

कडी राहील. ती काढली तर उरते ती तुमची सूचना, आणि ती वाचून तीन माणसं आली होती, त्यांतलं एक तुमच्या घरचं. लोक पिशवी भरतात ते पिशवीसाठी नाही, त्या ठोठावण्याच्या भीतीनं भरतात. तुम्हाला औषध हवं आहे आणि कडूपणा नको.

दार ठोठावण्याचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. छापील कागदावर ऐकू येतो असा तो एकच आवाज आहे. बाकीचे वाचकाला कल्पावे लागतात. आणि कथा एकशे अठरा आहेत, तुमच्या वाचनालयात थोड्या कमी असतील.

श्री. फ.


धायरी,
१४ ऑगस्ट

आदरणीय सर,

तुमचं बरोबर होतं, मी हरले. काल कवायत झाली. तीन शिट्ट्या दिल्या आणि चौपन्न माणसं पाच मिनिटं चाळीस सेकंदांत गच्चीवर. आप्पांना खुर्चीसकट दोघांनी उचललं. मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून दारात उभी होते. शेवटचा माणूस आला तशी मुलं ओरडली, ‘बाई, कडी!’ आणि मी कडी लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इमारत झाल्यापासून सोळा घरं एका जागी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

जिना झाडणारी बायडाबाई खाली उभी राहून सगळं बघत होती. ओढ्यापलीकडे पत्र्याच्या नऊ खोल्या आहेत, त्यांतल्या एकीत ती नवरा-सुनेबरोबर राहते. मला म्हणाली, “बाई, त्या खेळात आमी बी यायचं का?” मी म्हटलं, आधी इमारतीचं नीट बसू दे, मग तुमचं बघू. तिला बरं वाटलं असावं.

आता पाऊस आला तरी आमची तयारी आहे.

विजयमाला


धायरी,
९ ऑक्टोबर

आदरणीय सर,

गुरुवारी, पाच तारखेला दुपारी चार वाजता ओढ्याला पूर आला. नळाच्या तोंडाशी झाडं अडकली आणि पाणी पार्किंगमध्ये शिरलं. ते पहिल्या मजल्याच्या उंबऱ्याला लागलं होतं. आमच्या इमारतीतली सर्व, म्हणजे चौपन्न माणसं गच्चीवर पोचली. कोणालाही इजा नाही. आपली कथा उपयोगी पडली हे कळवणं माझं कर्तव्य आहे.

विजयमाला पोकळे


शनिवार पेठ,
१३ ऑक्टोबर

विजयमालाबाई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. नंतर चष्मा पुसून पाचव्यांदा.

पन्नास वर्षं लोक मला विचारत आले, याचा उपयोग काय? माझे वडील शाळामास्तर होते, तेही विचारत. उत्तर नसल्यामुळे मी खवचट झालो. आज पंचाहत्तराव्या वर्षी उत्तर आलं आहे आणि ते तुमच्या अक्षरात आहे. मला किती बरं वाटलं हे सांगायला माझ्याकडे भयकथेची भाषा आहे, दुसरी नाही, म्हणून सांगत नाही.

तुमच्या परवानगीची वाट न पाहता पत्र संपादकांना दिलं. म्हातारपणी धीर धरवत नाही, माफ करा. येत्या अंकात ते पहिल्या पानावर येईल. पुस्तकही काढायचं म्हणतात. प्रस्तावनेसाठी तपशील हवेत. कोण कसं वर आलं, आप्पांना कोणी उचललं, आणि कडी लावली तेव्हा कसं वाटलं, ते सावकाश लिहा. कडी लावलीत ना?

तुमचा,
श्रीनिवास फणसळकर


शनिवार पेठ,
२० नोव्हेंबर

विजयमालाबाई,

महिना उलटला, उत्तर नाही. मधे दिवाळी झाली, तुम्ही गडबडीत असाल असं समजून गप्प होतो.

काल रद्दी बांधताना ऑक्टोबरचं एक वर्तमानपत्र हाताशी आलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. धायरीच्या ओढ्याच्या पुरात पत्र्याच्या खोल्यांतलं एक वृद्ध जोडपं वाहून गेलं. नवऱ्याचं नाव दिगंबर दिलं आहे, बायकोचं बायडाबाई.

जिना झाडणारी बायडाबाई ती हीच का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नव्हता. तुम्ही विसरण्यातल्या नाही, म्हणून विचारतो.

श्री. फ.


धायरी,
३ डिसेंबर

आदरणीय सर,

ती हीच.

तुम्ही विचारलंत, कडी लावली का. लावली. चार वाजून नऊ मिनिटांनी लावली. स्टॉपवॉच गळ्यात होतं आणि ते चालूच राहिलं, म्हणून मला पुढचं सगळं मिनिटांत माहीत आहे. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या मिनिटाला दार वाजलं. मुलं किंचाळली, त्यांतली दोघं चक्क हसत होती. बाहेरून आवाज आला, “बाई, मी बायडा.” सर, लोक मला धीर द्यायला म्हणतात की तुम्ही घाबरलात, कथेचा परिणाम. तसं काही नव्हतं. बाहेर बायडाबाई आहे हे मला पहिल्या शब्दाला कळलं होतं. मी रोज सकाळी तो आवाज ऐकते. झॉम्बी आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही, आणि गच्चीवरच्या एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही.

मी कडीला हात घातला. हिंदुराव म्हणाले, “वैनी, कडी काढायची न्हाई. एकीला घेतलं की समदी वस्ती वर यील. गच्ची किती जनांची हाय? नियम तुमीच सांगितलाय.” मागून पाच-सहा जण म्हणाले, बरोबर आहे. आम्ही सगळे धरून चाललो की तिला आत यायचं आहे.

तिला आत यायचं नव्हतं. ती म्हणत होती, “बाई, दोन माणसं द्या. म्हातारा पत्र्यावर बसलाय, त्याला पाय न्हाई. पानी अजून कंबरंला हाय. दोन माणसं अन् त्यो दोर द्या, मी लगी आणून दिते.” दिगंबरला अर्धांगवायू झालेला होता. दोर आमच्या पेटीत होता. माझ्या पायाशी होता. कवायतीच्या दिवशी तिनंच तो खालून वर आणून दिला होता.

दोन माणसं, सर. आम्ही चौपन्न होतो. त्यांत वीस तरी धडधाकट गडी. संपत माझ्या शेजारी उभे होते, ते माझ्याकडे बघत होते. मी उघडलं असतं तर ते गेले असते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी उघडलं नाही का? रोज रात्री विचारते. उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि कोणतंच मला सोडवत नाही.

ती अकरा मिनिटं ठोठावत होती. मग म्हणाली, “बरं, र्‍हाऊ द्या.” रागानं नाही. जिना झाडताना कोणी मधे उभं असलं की म्हणायची, तशीच म्हणाली. तिची पावलं खाली जाताना ऐकू आली. तोवर पाणी कमरेच्या वर गेलं होतं. दिगंबर दुसऱ्या दिवशी नळाच्या तोंडाशी सापडला. ती तिसऱ्या दिवशी, खूप खाली. तिनं लुगड्याचा पदर कमरेला गच्च बांधला होता आणि दुसरं टोक मोकळं होतं. दोर नव्हता म्हणून तिनं तो वापरला असावा.

पाणी ओसरल्यावर कडी काढली. नंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं की दारावर कोणी आलं नव्हतं. ठराव मीच लिहिला, कारण मी चिटणीस आहे. आणि तुम्हाला ते सहा ओळींचं पत्रही मीच लिहिलं.

ते तुम्ही छापलंत. ‘कथेनं वाचवले चौपन्न जीव.’ बायडाबाईची सून सरुबाई, जी त्या दुपारी सिंहगड रोडला भांड्याच्या कामाला होती म्हणून वाचली, ती अंक घेऊन माझ्या दारात आली. तिला वाचता येत नाही, कोणी तरी वाचून दाखवलं होतं. म्हणाली, “बाई, ह्या चौपन्नात आमची दोन धरली का?”

मी दार लावून घेतलं. म्हणजे पुन्हा एकदा.

कडीचा नियम तुमचा आहे. पण ‘मग तुमचं बघू’ हे माझं आहे, ते कोणत्याही कथेत नव्हतं. तुम्ही मला दोष देऊ नका असं मी म्हणत नाही. मला एवढंच कळू द्या, तो नियम तुम्ही का घातलात? जूनमध्ये विचारलं होतं, तेव्हा तुम्ही टोलवलंत.

विजयमाला


शनिवार पेठ,
१२ डिसेंबर

विजयमालाबाई,

टोलवलं. पन्नास वर्षं टोलवतो आहे. आता सांगतो.

बारा जुलै एकसष्टला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. दुपारी पाणी शनिवार पेठेत शिरलं. आम्ही माडीवर गेलो. जिन्याच्या तोंडाशी आडवं दार होतं, वरून पाडायचं, तळघराला असतं तसं. वडिलांनी ते पाडलं आणि त्यावर पत्र्याची ट्रंक ओढली. मला ट्रंकेवर बसवलं. कशासाठी ते कळलं नाही. दार पाडल्यानं पाणी अडत नाही आणि उघडल्यानं चढत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते शाळेत शास्त्र शिकवत. भ्यालेला माणूस दार लावतो, एवढंच त्याचं कारण असावं.

तळमजल्यावर यज्ञेश्वर नावाचे भाडेकरू होते. एकटे, घड्याळं दुरुस्त करत. लोकांची घड्याळं भिजू नयेत म्हणून ती गोळा करत ते मागं राहिले. मग त्यांनी खालून दार ठोठावलं. “मास्तर, उघडा,” एवढंच दोन-तीनदा म्हणाले. वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी ट्रंकेवर होतो. ठोके मला कानांनी नाही, बसल्या जागी अंगात जाणवत होते. मी उठलो असतो तर ट्रंक एकट्या आईलाही सरकवता आली असती. मी उठलो नाही.

संध्याकाळी पाणी उतरलं. ते जिन्यातच होते. त्यांच्या बंडीच्या खिशात सात घड्याळं निघाली. वडिलांनी शेजाऱ्यांना सांगितलं, बिचारे झोपले असावेत. मला म्हणाले, “उघडलं असतं तर आपणही गेलो असतो.” दोन दिवसांनी पुन्हा पाणी आल्याची आवई उठली आणि सगळं शहर पर्वतीकडे पळत सुटलं. त्या धावपळीत माझा हात वडिलांच्या हातात होता आणि मला तो सोडवून घ्यायचा होता. घेतला नाही.

त्यांचं ते वाक्य मला खरं हवं होतं. म्हणून मी एकशे अठरा कथा लिहिल्या. प्रत्येकीत कोणी तरी दार उघडतं आणि मरतं. प्रत्येकीत माझे वडील बरोबर ठरतात, आणि मीही. तुम्ही सुट्टीत बसून जे ओळखलंत, ते ओळखायला मला तुमचं तीन तारखेचं पत्र लागलं.

तुम्ही माझ्याकडे सूचना मागितली होती. मी तिच्यात ती ट्रंक सरकवली. चौपन्न माणसांना मी माझ्या शेजारी त्या ट्रंकेवर बसवलं, आणि बायडाबाई गेली. मला याची लाज वाटते. लाज हा शब्द लहान आहे, पण दुसरा सापडत नाही.

पुस्तक थांबवलं आहे. कथेचा शेवटचा भाग नव्यानं लिहिला आहे, सोबत पाठवतो. त्यात कडी काढतात, दोन माणसं दोर घेऊन खाली जातात आणि चौघं परत येतात. तुम्ही हो म्हणालात तर पुढच्या गुरुवारी छापून येईल.

श्रीनिवास


धायरी,
५ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

तुमचा शेवटचा भाग वाचला. चांगला आहे. छापू नका.

लोक तो वाचतील, डोळे पुसतील, आणि त्यांना वाटेल की आपण कडी काढली. मलाही वाटलं होतं, दोन मिनिटं. म्हणून परत पाठवते आहे.

मी खरा ठराव लिहिला. सही करायला कोणी तयार नाही. हिंदुराव म्हणतात, मेलेल्यांना त्याचा काय उपयोग. संपतनी केली आणि आप्पांनी अंगठा दिला. त्या दिवशी आप्पाही गच्चीवरच होते, खुर्चीत. म्हणाले, “जमीन मीच इकली. ओढ्यानं समद्यात आधी माझं दार वाजवाया पायजे हुतं.” मी तो ठराव पोलीस चौकीत देऊन आले. पुढं काय होईल ते होवो. गच्चीच्या दाराची कडी संपतनी पकडीनं उपटून काढली. आता तिथं चार भोकं आहेत.

जानेवारीपासून दर रविवारी सकाळी दहा वाजता मी दोर घेऊन पत्र्याच्या खोल्यांकडे जाते. कवायत तिथं व्हायला हवी, तिथून सुरू व्हायला हवी. पहिल्या रविवारी एकही दार उघडलं नाही. दुसऱ्याही नाही. मी ठोठावत नाही, तो हक्क मला नाही. सरुबाईच्या दाराबाहेर दगडावर तासभर बसते आणि परत येते. इमारतीतून कोणी बरोबर येत नाही. संपत तयार आहेत, पण त्या वस्तीला त्यांचा चेहरा बघवत नाही, कारण दारावर कोणी आलं नव्हतं या पहिल्या ठरावावर त्यांचंही नाव आहे.

काल पाचवा रविवार होता. निघायला उठले तेव्हा सरुबाई आतून बोलली. दार उघडलं नाही.

“किती जन आलाय?”

मी म्हटलं, “एकटीच आहे.”

मग म्हणाली, “एकटीनं काय हुतंय? दोन लागत्यात.”

सर, तुमचं वय मला माहीत आहे आणि गुडघ्यांचंही कचेरीतून कळलं आहे. उचलायचं काही नाही. फक्त दाराबाहेर बसायचं आहे. शनिवारवाड्यावरून धायरीची बस मिळते, सकाळी फारशी गर्दी नसते. येत्या रविवारी, अकरा तारखेला, मी साडेनऊपासून थांब्यावर उभी असेन.

विजयमाला